कुंचीवरच्या लोंब्या

मी एक जुनी लेस आहे. क्रोशाची, हातानं विणलेली. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, कारण लेस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दुकानातलं ते गुंडाळं येतं. दुकानदार त्यातून सर्रकन लेस ओढतो, मोजतो आणि कचकन कापून देतो. त्या लेसशी माझं काही भांडण नाही. तीही बिचारी कुणाच्या परकरावर, कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर निमूटपणे नांदत असते. पण मला कुणी तिच्यातली समजलं, की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. माझा स्वभावच तसा आहे.

माझा मुक्काम असतो कुंचीवर. तान्ह्या बाळाच्या डोक्याला टोपीसारखी बसते आणि मागं पाठीवर मोकळी सुटते, ती कुंची. बाळाच्या चेहऱ्याभोवती मी असते, पूर्वी खालच्या घेरालाही असायचे. माझ्यावर गुलाब नाहीत, मोर नाहीत. माझ्यावर भाताच्या लोंब्या आहेत, दाण्यांनी भरून जराशा वाकलेल्या. अशी नक्षी तुम्हांला कुठल्या पुस्तकात सापडायची नाही, कारण ती बेळगुंदीच्या गुणाबाईंनी आपल्या मनानं काढली.

गुणाबाई तेव्हा तरुण होत्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही बेळगुंदीतच, मध्ये फक्त एक बोळ. त्यांचा भाऊ परशराम याच्या घरी पहिला पाळणा हलणार होता. आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात, आणि या घराण्याची रीत अशी, की बारशाची कुंची आत्तीच्याच हातून यायची. गुणाबाईंनी गावातल्या शाळेच्या बाईंकडून क्रोशाची सुई मागून आणली. ही सुई साधी नसते. तिच्या टोकाला बारीकसा आकडा असतो आणि त्या आकड्यानं दोरा ओढून फासातून फास काढायचा असतो. बाईंनी त्यांना नमुन्यांचं पुस्तकही दाखवलं. त्यात गुलाब होते, अननस होते. गुणाबाईंनी पानं उलटली आणि पुस्तक मिटून परत दिलं.

"गुलाब आमच्या दारात न्हाय आणि अननस मी अजून खाल्ला न्हाय," त्या म्हणाल्या. "मी आपलं माझ्या बघण्यातलं इणणार."

बेळगावच्या खडेबाजारातून पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा आला. गुणाबाई शेताच्या बांधावर बसून विणायच्या. आधी साखळी घालायची, मग साखळीवर खांब उभे करायचे, खांबांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची. समोर भात पोटरीला आलेला, मग लोंबी बाहेर पडून निसवलेला, मग वाकलेला. त्याच्याकडे बघत बघत त्यांनी माझ्या लोंब्या वाकवल्या. दाण्याच्या जागी चार खांब एका फासात ओढून गाठ घ्यायची, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. एक लोंबी संपली की दुसरी, अशी मी टोकाकडून वाढत गेले. भात कापणीला आला आणि मीही पुरी झाले.

परशरामाच्या मुलाचं नाव नागेंद्र ठेवलं. त्या बारशाला माझं असं कौतुक झालं, की बाळाकडे कुणी बघेना. बायका कुंचीची कड हातात घेऊन बघायच्या, एकमेकींना दाखवायच्या, "गुणी, ह्ये कसं केलंस गं?" म्हणून विचारायच्या. गुणाबाई नुसत्या हसायच्या. मी तर फुगून कुंचीपेक्षा मोठी झाले होते.

आता तुम्हांला वाटेल, बाळ मोठं झालं की कुंचीचं काम संपलं. कुंचीचं संपतं, माझं नाही. कापड विरतं, आखूड होतं, मग मला अलगद उसवून नव्या कापडावर लावतात. मी आजवर मलमलीवर राहिले, फ्लॅनेलवर राहिले, एकदा तर केशरी साटीनवर राहिले. त्या साटीनबद्दल मी काही बोलणार नाही.

नागेंद्र मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, समर्थ. आता आत्ती कोण? नागेंद्राची धाकटी बहीण मंगल. मंगल म्हणजे चालतीबोलती शिलाई मशीन. तिचं सगळं काम भराभर. लहानपणी गुणाबाई तिला क्रोशा शिकवायला बसवायच्या आणि ही दोन साखळ्या घालून पळून जायची. "असं गोगलगायीसारखं कोण बसंल? मला मशीन पायजे," म्हणायची. लग्न होऊन ती निपाणीला गेली आणि तिथं खरोखरच मशीन टाकून ब्लाऊज शिवायला लागली. समर्थच्या बारशाच्या आधी गुणाबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं.

"आता ही तुझी," त्या म्हणाल्या. "पुढच्या आत्तीच्या हातात देईपातूर संबाळ."

मंगलनं मला कपाळाला लावलं. एक गोष्ट ती लहानपणी भावकीतल्या बारशांना गुणाबाईंकडून बघून शिकली होती. बारशाच्या आदल्या दिवशी त्या भाताची पेज गाळून घ्यायच्या, त्यात मला बुडवायच्या आणि पाटावर ताणून सुकवायच्या. आमच्याकडे त्याला खळ घालणं म्हणतात. खळ घातली की माझी एकेक लोंबी ताठ उभी राहते. मंगलनंही तसंच केलं आणि समर्थच्या बारशाला मी पुन्हा एकदा मिरवून घेतलं.

निपाणीतली पुढची वर्षं माझी मोठी मजेची गेली. मंगलच्या गल्लीत कुणाच्याही घरी बाळ आलं, की बायका तिच्या दारात यायच्या. "मंगलाक्का, तुझी लेस दे की गं तेवढी." मंगल द्यायची, पण मला लावण्याचं आणि उसवण्याचं काम स्वतःच्या हातानं करायची. मराठी बाळं, कानडी बाळं, एकदा तर जुळी. जुळ्यांच्या वेळी मला अर्धी अर्धी वाटून घ्यावी असं कुणीतरी सुचवलं होतं. मंगलनं त्या बाईला चहासुद्धा दिला नाही. बारसं झालं, की मंगल मला परत आणायची, पेजेत बुडवून ताठ करायची, घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. पुढच्या वेळी मी तयार असावी म्हणून. तिचा जीव होता माझ्यावर, मित्रांनो. पण यात काहीतरी चुकत होतं, हे मला कळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

मग दुकानांत तयार बाळंतविडे यायला लागले. कुंची, टोपडं, दुपटं, सगळं एका खोक्यात. गल्लीतल्या बायका दार वाजवेनाशा झाल्या. मी ट्रंकेत खाली गेले आणि माझ्यावर एकेक करून मंगलच्या लग्नातली भरजरी लुगडी आली. अंधारात दिवस कळत नाहीत. ट्रंकेत माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी राहायला आलंय, हे मात्र मला कळलं. ती होती कसर. चांदीच्या रंगाची, चपळ, बारीक कीड. तिला दोऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला माझ्या अंगावरची पेज हवी होती. पेज खाता खाता ती मलाही खात होती.

आणि एक दिवस मंगलचा फोन वाजला. समर्थला मुलगी झाली होती! समर्थ आणि त्याची बायको चिन्मयी बेळगावात अनगोळला राहतात. आजकाल बारसं सवडीनं करतात, त्यामुळे तयारीला वेळ होता. आता आत्ती होणार समर्थची धाकटी बहीण सौम्या, म्हणजे कुंची तिच्या हातात द्यायची वेळ आली. शिवाय बेळगुंदीहून गुणाबाईंचा निरोप होता. त्यांनी आता ऐंशी ओलांडली होती, डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण त्या बारशाला येणार म्हणजे येणार होत्या.

मंगलनं गाणं गुणगुणत ट्रंक उघडली. मला बाहेर काढलं, घडी उलगडली आणि तिचं गाणं थांबलं. घडीच्या जागी मी पिवळी पडले होते. मधल्या काही लोंब्यांची चाळण झाली होती, दोन तर पार नाहीशा झाल्या होत्या. मंगल मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिली.

"आता आत्तीला कुठल्या तोंडानं सांगू?" ती स्वतःशीच म्हणाली. गुणाबाईंनी फक्त एकच गोष्ट तिच्या हवाली केली होती आणि तीच तिनं घालवली होती. रागावल्या असत्या तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण आत्ती गप्प बसेल, काही न बोलता लेस खाली ठेवील, याचीच तिला धास्ती होती.

मग तिनं जे केलं, त्याबद्दल मी तिच्यावर बरेच दिवस रुसले होते. ती बाजारात गेली आणि गुंडाळ्यावरची लेस घेऊन आली. पांढरीशुभ्र, जाळीदार, वर कसली तरी पानं. मशीनवर टरटर करत तिनं ती नव्या कुंचीला लावून टाकली. आणि मी? मी मशीनखालच्या चिंध्यांच्या पिशवीत! तिनं मला टाकून दिलं नाही, कारण तेवढं तिचं मन होईना. पण जाग्यावरही ठेवलं नाही. ब्लाऊजच्या कातरणांमध्ये पडून मी त्या नव्या लेसचा तोरा बघत होते. मित्रांनो, तो अपमान मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि एरवी मला शब्द कमी पडत नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

रविवारी सौम्या बेळगावहून बसनं कुंची न्यायला आली. सौम्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करते. ओतीव लोखंडाच्या भागांत कुठं बारीक भोक किंवा तडा राहिलाय का, ते तपासणं हे तिचं काम. तिनं चहाचा कप खाली ठेवला, कुंची हातात घेतली आणि उलटीपालटी करून बघितली.

"आत्ती, ही ती न्हवं."

"न्हवं कशी? धुतलीया म्हणून नवी दिसायलीया," मंगल म्हणाली आणि उगाचच मशीनला तेल घालायला लागली.

सौम्यानं मोबाइलचा कॅमेरा लेसवर धरला आणि चित्र मोठं केलं. "हे बघ. हितं टाका कुठला, फास कुठला, कायबी कळंना. दोरा कुठनं आला आणि कुठं गेला? नुसता लगदा बसलाय. कडंला कापल्याली लव बघ. आणि सगळी पानं एकसारखी. हातानं इणलं की एवढं एकसारखं येतंय व्हय?"

मला पिशवीतून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मित्रांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा. लेस ओळखायची तर भिंगाखाली धरा, उलटून मागची बाजू बघा आणि दोऱ्याची वाट धरून चाला. क्रोशाच्या लेसमध्ये तो एका फासातून दुसऱ्या फासात जाताना स्पष्ट दिसतो. माझ्या कुठल्याही दोन लोंब्या घ्या, त्या बहिणी वाटतील, पण एकसारख्या वाटणार नाहीत.

मंगलनं तेलाची बाटली ठेवली. तिचे डोळे भरून आले. तिनं चिंध्यांची पिशवी ओढली आणि मला बाहेर काढून सौम्याच्या हातात दिलं. सौम्यानं माझी भोकं बघितली. कारखान्यात असा भाग आला की ती त्याच्यावर लाल खूण करून बाजूला टाकते. मला तिनं बाजूला टाकलं नाही.

"गुणाज्जीकडं जाऊया," ती म्हणाली.

"नको गं! तिला सांगू नको. मी पाया पडते तुझ्या."

"आत्ती, तिला दिसत न्हाय म्हणून तिला फसवायचं?"

मंगल उठली. तिनं मला धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं. बेळगावपर्यंत बस आणि पुढं बेळगुंदीपर्यंत सौम्याची स्कूटर. मंगल मागे बसली होती आणि डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता. बाहेर सुगी चालली होती. कापलेल्या भाताचा वास डब्यातसुद्धा आला, आणि इतक्या वर्षांनी मला घरी आल्यासारखं वाटलं.

गुणाबाई सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. मंगलनं मला त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गुणाबाईंची बोटं आता वाकडी झाली होती, पण त्यांनी मला ओळखलं. एका टोकापासून त्या चाचपत निघाल्या. भोकांपाशी त्यांचा हात थांबला.

"कसर लागलीया," त्या म्हणाल्या. मग मला नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला. "पेज घालून ठिवली हुतीस?"

"व्हय. तू घालत हुतीस की," मंगल रडत रडत म्हणाली. "तुझं बघूनच घालत हुते मी. दर बारशाला."

"मी आदल्या दिशी घालत हुते गं. बारसं झालं की सांजच्याला धुऊन काढत हुते. पेज म्हंजी भातच की. भात ठिवला तर खायला कोणबी यील. हे तुला म्हाईत न्हवतं?"

"तू सांगितलं न्हाईस."

गुणाबाई गप्प झाल्या. याच गप्प बसण्याला मंगल भीत होती. तिनं डोळे मिटून घेतले. पण थोड्या वेळानं गुणाबाईंच्या पोटातून हसू फुटलं आणि मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"खरं हाय तुझं! समद्या बाया घुगऱ्या खाऊन गेल्यावर मी मागल्या दारी धूत बसायची. बघायला कोण हुतं? तुला मी अर्धंच शिकवलं, बाई. आणि ते अर्धं तू किती नेमानं केलंस!"

मंगलच्या जिवात जीव आला. नवा दोरा आणून भोकं भरूया, असं तिनं सुचवलं. गुणाबाईंनी मान हलवली. नवा दोरा पांढराफेक, माझा रंग सायीचा, ते ठिगळ लांबूनही दिसलं असतं. "हिच्या शेवटाकडनं उसव," त्या म्हणाल्या. "तिचाच दोरा तिला घाल. आखूड हुईल, हुं दे."

मित्रांनो, कसरीला मी घाबरले नव्हते एवढी त्या वाक्याला घाबरले. हातानं विणलेल्या लेसचं असंच असतं. शेवटची गाठ सोडली की ती आनंदानं उसवत जाते, थांबा म्हटल्याशिवाय थांबत नाही. माझ्या धडधाकट लोंब्या मोडून आजारी लोंब्यांना द्यायच्या! पण मला विचारतं कोण?

"तू इण, आत्ती," मंगल म्हणाली.

"माझी बोटं बघ की. काठ्या झाल्यात. आणि किती खांब, किती साखळ्या, आता ध्यानात न्हाय. तूच इण."

"मला येत न्हाय."

"मशीन येत हुती का पोटातनं आल्या आल्या? मी बारशाला येते, तवा बघते."

झालं. मंगल मला घेऊन निपाणीला परतली. आधी तिनं रिठ्याच्या कोमट पाण्यात मला निवांत भिजू दिलं. चोळलं नाही, पिळलं नाही. टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवलं. मग शेवटची गाठ सोडली. उसवलेला दोरा कुरळा, सुरकुतलेला निघाला. तो ओला करून तिनं तांब्याभोवती गुंडाळून ठेवला, तेव्हा कुठं सरळ झाला.

पण विणणार कसं? सौम्यानं माझ्या चांगल्या लोंब्यांचे मोठे मोठे फोटो काढून पाठवले. मंगलनं ते छापून ब्लाऊजच्या मापांशेजारी भिंतीवर चिकटवले आणि खांब मोजायला बसली. आधी दुसऱ्या दोऱ्यावर सराव. तिची पहिली लोंबी भेंडीसारखी झाली, दुसरी विळ्यासारखी. गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहायची.

"मंगलाक्का, माझा ब्लाऊज?"

"थांब गं, आत्ता बोलू नको! खांब चुकंल!"

ब्लाऊज उशिरा झाले, एकीचा तर लग्नाच्या आदल्या दिवशी झाला. पण जी बाई गोगलगायीसारखं बसायचं नाही म्हणून पळायची, ती आता चहा गार होईपर्यंत बसायला लागली. लोंबी जमल्यावर तिनं माझा दोरा हातात घेतला. खाल्लेला भाग कातरून काढला, त्या जागी नव्या लोंब्या विणल्या आणि दोन्हीकडून बारीक सुईनं मला जोडलं. आता मी चेहऱ्याभोवती पुरते, खालच्या घेराला पुरत नाही. आखूड झाले खरी, पण आहे ती सगळी मीच.

बारशाचा दिवस उजाडला. अनगोळच्या घरात पाळणा सजला होता आणि स्वयंपाकघरातून घुगऱ्यांचा वास येत होता. आदल्या दिवशी खळ घातल्यामुळे मी ताठ होते. गुणाबाई आल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "आधी बाळाला आणा."

चिन्मयीनं बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. मंगल पदराचं टोक पिळत समोर उभी होती. गुणाबाईंचा अंगठा बाळाच्या कपाळावरून माझ्या लोंब्यांवर फिरायला लागला. एक लोंबी, दुसरी, तिसरी. आणि नेमका मंगलच्या लोंब्यांपाशी थांबला.

"ह्या तू इणल्यास."

"व्हय, आत्ती."

"कशा आवळल्यास गं! दोऱ्याला श्वास घ्यायला जागा न्हाय."

मंगलचं तोंड उतरलं. "भ्या वाटत हुतं," ती हळूच म्हणाली. "चुकलं तर पुन्ना दोरा मिळायचा न्हाय म्हणून."

"हिकडं ये. बोट दे तुझं." गुणाबाईंनी मंगलचं बोट धरलं आणि बाळाच्या डाव्या कानाजवळ, माझ्या अगदी सुरुवातीच्या टोकावर ठेवलं. "ही माझी पयली लोंबी. हात लाव."

मंगलनं बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "आत्ती! ही बी आवळल्यालीच हाय की!"

"मग? तवा मला तरी कुठं येत हुतं? परशा म्हणला हुता, जमलं न्हाय तर इकतची आणू. त्या भ्यानं इणलीया ती. पुढं पुढं हात सैल झाला. समद्यांनी लेस बघितली, कवतिक केलं, पर हात लावून कुणी बघितलं न्हाय." त्यांनी मंगलचं बोट सोडलं नाही. "तुझा बी हुईल सैल."

मंगल हसली आणि रडलीही, आणि मी ताठ होते म्हणून बरं, नाहीतर विरघळले असते. सौम्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, तेजस्वी, आणि मागच्या बायकांनी रीतीप्रमाणे सौम्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा मंगलचा होता.

संध्याकाळी बायका घरी जायला निघाल्या, तेव्हा गुणाबाईंनी हाक मारून सगळ्यांना थांबवलं. परातीत कोमट पाणी आणायला लावलं आणि सगळ्यांच्या देखत मंगलनं माझी खळ धुऊन काढली. सौम्या शेजारी बसून बघत होती. समर्थही बघत होता, कारण आत्ती नसलेल्या माणसांनीही हे शिकावं, असं गुणाबाईंचं म्हणणं पडलं.

मित्रांनो, आता मी बेळगावात सौम्याच्या कपाटात असते. खळ नाही, घडी नाही, प्लास्टिक नाही. जुन्या मऊ सुती कापडावर मला सैल गुंडाळून ठेवलंय आणि अधूनमधून ती मला हवा दाखवते. तुमच्याही घरात हातानं केलेलं काहीतरी असेल, आणि ते करणारं किंवा सांभाळणारं माणूसही असेल. ते कसं केलं, एवढंच विचारून थांबू नका. काम झाल्यावर, सगळे निघून गेल्यावर त्या वस्तूचं काय करायचं, तेही विचारा. आणि नुसतं बघू नका, हात लावून बघा.

परवा सौम्या मला घेऊन निपाणीला गेली होती. मंगलनं तिला सुई आणि माझा उरलेला दोरा दिला, आणि माझ्या उसवलेल्या टोकाला एक नवी लोंबी लागली. फारच आवळलेली आहे.